धाकट्या आजोबांचं पान

आमच्या घराण्यातला एकमेव शूर माणूस विशीत, बिनलग्नाचा गेला. वंश चालवला तो उरलेल्यांनी, आणि तो माझ्यापर्यंत आला.

आजोबांचा हा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानावर वायरलेस सांभाळायचा. घरात न विचारता कॉलेज सोडून भरती झाला. एकदाच रजेवर आला, तेव्हा जेवताना ताटाच्या कडेवर चमच्याने टकटक करून त्याने धाकट्या बहिणीला तारेच्या भाषेत तिचं नाव वाजवायला शिकवलं आणि आईची बोलणी खाल्ली. पुढे त्याचं विमान ओमानच्या आखातात, खोर फक्कानजवळ समुद्रात पडलं. देह सापडला नाही. आई शेवटपर्यंत 'येईल तो' म्हणत राहिली, त्यामुळे त्याचं श्राद्ध कुणी केलंच नाही.

ती बहीण म्हणजे माझी आत्याआजी. नव्वदी ओलांडली, पुण्यात असते. मी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी खोर फक्कानला पाण्यात पाय सोडून बसल्याचे फोटो नातेवाइकांना पाठवतो. एका फोटोखालचं गावाचं नाव वाचून तिचा फोन आला.

"सर्वपित्रीला तिथे दादाचं पान ठेव. कावळा शिवलेला मला डोळ्यांनी बघू दे. मग मी मोकळी झाले."

मी असलं काही मानत नाही, हे मी पार्ट्यांमध्ये पुष्कळदा ऐकवलेलं आहे. तरी अमावास्येला हाफ डे टाकला आणि भात, खीर, उडदाचे वडे घेऊन निघालो. धीर यावा म्हणून मुलीला बरोबर घेतलं.

"बाबा, इज धिस इव्हन अलाउड?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

समुद्राकाठच्या कठड्यावर पान मांडलं. आत्याआजीला व्हिडिओ कॉल लावून फोन पानासमोर धरला. उन्हामुळे स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. इथे कावळ्यांना तोटा नाही. एक येऊन बसलाही, पण मान वाकडी करून नुसता बघत राहिला.

इच्छा राहिली असेल तर वचन द्यायचं असतं. मी घसा साफ केला. "धाकटे आजोबा, आत्याआजीला आम्ही सांभाळू."

कावळ्याने पाठ फिरवली. वर्षातून दोनदा फोन करणाऱ्याचं वचन ते, मीही फिरवली असती.

"तुमच्या नावाने स्कॉलरशिप काढू. नेक्स्ट क्वार्टरपासून."

मुलीने कपाळावर हात मारला. माझ्याकडची वचनं तिथेच संपली. तिच्याकडे बघताना एकदम लक्षात आलं, हे आजोबा म्हणजे तिच्याहून थोडासाच मोठा मुलगा. आणि लढाई संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"लढाई संपली रे," मी म्हणालो. "कधीच संपली. आता घरी ये."

कावळा आला, वडा उचलून उडाला. मला हुंदका आवरेना.

"शिवला, आत्याआजी! बघितलंस ना?"

"कुठला कावळा? मघापासून मला तुझंच तोंड दिसतंय."

पुढचा कॅमेरा चालू राहिला होता. सगळा जन्म आयटीत काढून मी तिला काय दाखवलं, तर माझं टक्कल, दुहेरी हनुवटी आणि वाहणारं नाक. मी घाईघाईने बटण शोधू लागलो.

"थांब, फिरवू नकोस," ती म्हणाली. "दादा म्हातारा झाला असता तर असाच दिसला असता. जरा वेळ धर तसाच."