दोन दिवस हळद नाही, चहा नाही

नागपुरात जागृती वाघमारेच्या दातांच्या दवाखान्याच्या दारावर तिच्या नावाची पाटी होती. अमेरिकेत, अल्फारेटात आली आणि इथल्या कायद्याने ती पुन्हा मदतनीस झाली. परत शिकल्याखेरीज स्वतःच्या हाताने कुणाच्या दाताला हात लावायचा नाही. डॉक्टरांच्या हाती उपकरणं द्यायची, लाळ ओढणारी नळी धरायची, आणि शेवटी रुग्णाला पथ्य समजावून सांगायचं. पहिली दोन कामं ती हसत करी. तिसऱ्याने मात्र तिचा जीव मेटाकुटीला आणला होता.

पथ्य तरी केवढं? दात उजळून घेतले की दोन दिवस रंगाचं काही तोंडात घालायचं नाही. चहा नाही, कॉफी नाही, बीट नाही, आणि हळद तर मुळीच नाही. बाकीच्यांना ते सहज जमे. पण आपल्या माणसाला हळद सोडा म्हणणं आणि श्वास सोडा म्हणणं सारखंच! फोडणीत ती, भाजीत ती, पोह्यांत ती, आणि दुखलं-खुपलं तर दुधातही तीच माउली.

त्यांत सरला काकू म्हणजे कळसच. वय सदुसष्ट, मूळच्या जळगावच्या, राहायला मुलाकडे, राकेशकडे. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, बाकीचे दात चहाने पिवळलेले. हसू ओठांवर यायच्या आधी हात तोंडावर जाई. मंदिरात भजनाला बसत, तेव्हा टाळ एका हाताने कसे वाजवायचे, म्हणून टाळच घेत नसत.

उपाय दोन होते. दात उजळायचे, रंग स्थिरावला की नेमक्या त्या रंगाचा लेप चढवून तुटका कोपरा भरायचा, हा पहिला. दुसरा व्हिनीयरचा. चांगल्या दातांचा पुढचा थर तासायचा आणि त्यांवर पोर्सिलेनच्या पातळ चकत्या बसवायच्या.

"जागृतीताई, आठ व्हिनीयर करून टाकू या ना यार," राकेश म्हणाला. "एकदाच काय ते. इन्शुरन्सचं मी बघतो."

"माझे धडधाकट दात तासायचे?" काकू खुर्चीतच ताठ झाल्या. "तासलेलं परत उगवतं का गं, जागृती?"

"नाही, काकू."

"मग नको. जे देवाने दिलंय ते त्याला तसंच परत करीन."

म्हणून पहिला उपाय ठरला. पहिल्यांदा दात उजळले, मोत्यासारखे दिसले, आणि आठवड्याने पुन्हा झाकोळून आले. जागृतीने छटांची पट्टी दाताशेजारी धरली. रंग पुन्हा होता तिथेच!

"काकू, काय खाल्लं होतं त्या दोन दिवसांत?"

"काही नाही गं. नुसतं वरण."

"पिवळं?"

"मग काय निळं असतं?"

जागृतीने कपाळाला हात लावला. पथ्याचा कागद मराठीत लिहून दिला, शब्दांखाली लाल रेघा ओढल्या. महिन्याने दुसरी खेप. पुन्हा तेच.

"हळदीचा कणही घातला नाही, तुझ्या गळ्याची शपथ."

"आणि चहा?"

"चहा काय खाण्यात धरतात का?"

डॉक्टरांनी सांगून टाकलं: आणखी एकदाच, वारंवार केलं तर दात ठणकतील. राकेशने व्हिनीयरची तारीखही धरून ठेवली. म्हणजे या खेपेला पथ्य मोडलं, तर ते आठ दात तासणीखाली जाणार. काकूंना ते ठाऊक होतं. जागृतीला तर रात्रंदिवस तेच दिसत होतं. आणि तरी ही बाई ऐकेल का? छे!

जागृतीने वेळ ठरवायला काकूंना फोन केला. "सोमवारी सकाळी या."

"सोमवारी एकादशी आहे गं. आणि या वेळी स्मार्त एक दिवस, भागवत दुसऱ्या दिवशी. मी दोन्ही करते."

"करा ना. येताना काय खाऊन याल?"

"खाऊन? उपासाला वरीचा भात, दही, साबुदाण्याची खिचडी, केळं. दुसरं काय?"

जागृतीच्या हातातलं पेन थांबलं. तिच्या घरी बुद्धवंदना होई, एकादशी कधी होत नसे; आणि इतक्या महिन्यांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "काकू, खिचडीत हळद?"

"उपासाला हळद? वेडी आहेस का?"

सगळं पांढरं! जे तिला लाल रेघा ओढून जमलं नाही, ते या बाई जन्मभर न चुकता पाळत आल्या होत्या.

"सोमवारीच या. फक्त चहा—"

"उपासाला चहा चालतो हो."

"देवाला चालत असेल, काकू. मला नाही चालत!"

पलीकडून काकू हळूच म्हणाल्या: "बरं. चहाही देवाच्या नावाने सोडते. आता नेम मोडला तर पाप माझ्या माथी."

सोमवारी दात उजळले. दोन्ही दिवस चहाविना काकूंचं डोकं ठणकलं. राकेशने चहा पुढे केला, तर त्यालाच खोलीबाहेर काढलं. दोन आठवड्यांनी जागृतीने पट्टी धरली. एकदा, दोनदा, खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा. रंग ढळला नव्हता. डॉक्टरांनी लेप चढवला, कोपरा भरला, घासून गुळगुळीत केला. राकेशने फोन काढून व्हिनीयरची तारीख कॅन्सल केली.

काकूंनी आरशात पाहिलं. हसू आलं, हात सवयीने वर उठला, आणि तोंडापर्यंत न जाता मांडीवर उतरला. मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला.

"काकू!" जागृती ओरडलीच. "नव्या लेपाला अजून दोन दिवस चहा नाही!"

"आणखी दोन एकादश्या?"

"आणखी दोन."

काकूंनी थर्मासकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सकाळपासून उभी आहेस. घे, तू तरी पी."

आल्याचा वास खोलीभर पसरला. जागृती स्टुलावर टेकली, पहिला घोट घेतला, आणि समोर काकू उघड्या तोंडाने, सगळे दात दाखवत, तिच्याकडे बघत बसल्या.