लिंबाजीची जीप आणि केशरची पंचमी

लिंबाजीला नाही म्हणता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. आम्हा दोघांच्या या दोन खोडींपायी एका बाईची पंचमी गेली. गाव मात्र अजून जीपलाच बोल लावतं. जीप बिचारी लोखंडाची. जे जोडलं ते तिनं चालवलं, जे काढलं त्याबद्दल तक्रार केली नाही.

मी गावच्या शाळेवर मास्तर. आमचं गाव सोनपेठपासून तीन कोसांवर, आणि शाळेच्या भिंतीला लागून लिंबाजीची पिठाची गिरणी. बारीक अंगाचा, मान खाली घालून बोलणारा माणूस. पण इंजिनाजवळ गेला की त्याची मान ताठ व्हायची. पंचक्रोशीतली पाण्याची इंजिनं तोच दुरुस्त करायचा. बाप लवकर गेल्यामुळे आई चांगुणाबाई आणि धाकटी बहीण केशर ही सगळी जबाबदारी त्याच्यावर. ब्याऐंशी साली त्यानं केशरला उमरवाडीला दिली. माणसं चांगली, जमीन काळीभोर, दाजी नागनाथ कष्टाळू. एकच खोट होती. उमरवाडी ओढ्याच्या पलीकडं, आणि मधली दोन कोस वाट सगळी काळ्या रानातून. मृग लागला की ती वाट बंद. बैलगाडी घातली तर चाकाला चिखल असा लपेटतो की आरे दिसत नाहीत. पायी गेलं तर दर पावलाला शेर-शेर माती पायाशी चिकटते.

केशर लग्न ठरताना रडली ती याच कारणानं. सासरबद्दल तिची काही कुरकुर नव्हती. "पंचमीला मला न्यायला कोण येईल, दादा?" एवढंच ती विचारत होती. आमच्याकडे लेकी दिवाळीलाही येतात, पण पंचमीचं माहेर वेगळं. आदल्या दिवशी बायका भावाच्या नावाचा उपवास धरतात, दुसऱ्या दिवशी वारुळाला जातात, झोके खेळतात, फेर धरतात. भाऊ न्यायला आला नाही तर सासरच्या उंबऱ्यात बसून दुसऱ्यांच्या भावांच्या वाटा बघायच्या. लिंबाजीनं तिला शब्द दिला, रस्ता असो नसो, म्या पंचमीला येईन.

पहिल्या साली त्याची बैलगाडी अर्ध्या वाटेवर रुतली आणि माघारी आली. दुसऱ्या साली तो पायी निघाला, तर ओढ्याला पूर. त्या दिवशी तो गिरणीत आला आणि गिरणी सुरू न करताच पट्ट्याला हात लावून उभा राहिला. मला त्याचा राग आला. माणसानं झेपेल तेवढाच शब्द द्यावा, असं मी त्याला तोंडावर बोललोसुद्धा.

मग परभणीच्या एका भंगारवाल्याकडं मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप आल्याचं त्याला कळलं. तेव्हा विद्यापीठाच्या नावाचं आंदोलन चालू होतं आणि एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. आम्ही दोघं एसटीनं गेलो आणि ट्रकमागे बांधलेल्या जीपमध्ये बसून आलो. छत नाही, एक दिवा फुटलेला, सीटमधून काथ्या बाहेर. मी म्हटलं, हे कसलं वाहन, हा तर सांगाडा. लिंबाजीनं मला गियरच्या दांड्याशेजारचा एक छोटा दांडा दाखवला. तो ओढला की इंजिनाची ताकद एका शाफ्टनं पुढच्या चाकांनाही जायची. मागची दोन ढकलणार, पुढची दोन ओढणार. "मास्तर, ही चिखलातून जाती," तो म्हणाला, आणि गाडीच्या नाकावरून त्यानं हात फिरवला.

आठ महिने तो त्या गाडीखाली होता. गिरणी चालू असायची आणि बायका दळणाची डबडी घेऊन त्याच्या पायांशी बोलायच्या, कारण बाहेर तेवढेच दिसायचे. त्यानं चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पानं घालून गाडी वर उचलली. चाकांवरचे पत्रे रुंद कापले, चिखल आत अडकू नये म्हणून. त्यावरच न थांबता वखराच्या फासेसारखी एक लोखंडी पट्टी प्रत्येक चाकामागं बसवली, म्हणजे फिरता फिरता माती आपोआप खरडली जायची. अशी पट्टी कोणत्या कारखान्यात कोणाला सुचली नसेल. ती काळ्या रानातल्या माणसालाच सुचते.

चौऱ्याऐंशीच्या पंचमीला जीप उमरवाडीत शिरली. मी शेजारी बसलो होतो. ओढ्याच्या उतारावर त्यानं छोटा दांडा ओढला, पुढची चाकं ओढायला लागली आणि गाडी वर चढली. केशर गठुडं काखेत मारून धावतच आली आणि पुढच्या सीटवर बसली. तिनं आधी भावाकडं पाहिलं, मग गाडीकडं, आणि ती हसायला लागली ती आमच्या गावच्या वेशीपर्यंत हसतच होती. चांगुणाबाईनं जीपला ओवाळलं. लिंबाजीला मी त्या दिवसाइतका खूश पुन्हा कधी पाहिला नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जीप पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल आणायला कॅन घेऊन एसटीनं जावं लागे. डिझेलचा पिंप तर गिरणीत कायमच भरलेला. मीच म्हटलं, अरे, डिझेल इंजिन बसव की. त्यानं एका जुन्या टेम्पोचं इंजिन आणून बसवलं. ते उंचीला मोठं. त्याच्याखालचं तेलाचं चेंबर पुढच्या शाफ्टला घासायला लागलं. लिंबाजी दोन दिवस खाली पडून बघत राहिला. मी पुन्हा तोंड घातलं. पावसाळा सरलाय, आता पुढची चाकं कशाला ओढायला हवीत? शाफ्ट काढून ठेव, श्रावणाच्या आधी बसव. त्याला ते पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण नाही म्हणता आलं नाही. शाफ्टला वंगण लावून, पोत्यात गुंडाळून त्यानं तो गिरणीच्या माळ्यावर ठेवला. छोटा दांडा मात्र काढला नाही. असू द्या, म्हणाला.

पुढचा श्रावण कोरडा गेला आणि त्याच्या पुढचाही. वाटेवर धूळ उडत होती. जीप दोन चाकांच्या जोरावर उमरवाडीला गेली आणि केशरला घेऊन आली. वाळलेल्या दिवसांत ओल्याची आठवण कोण ठेवतो! सत्त्याऐंशीत तर गावची विहीर तळाला गेली आणि नेमका तिच्या इंजिनाचा पंपाकडे जाणारा शाफ्ट मोडला. विहिरीवर घागरींची रांग लागलेली. सरपंच दत्तराव गिरणीत आले आणि लिंबाजीला म्हणाले, काहीही कर पण आज पाणी काढ. लिंबाजी विचार करत होता. मी माळ्याकडं बोट दाखवलं.

त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा रांगेकडं. मग शिडी लावली. सोनपेठच्या लेथवर त्यानं स्वतः उभं राहून तो शाफ्ट कापून घेतला. संध्याकाळी विहिरीतून पाणी आलं. दत्तरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पाण्याला नाही कोण म्हणेल? मी असतो तरी म्हटलं नसतं. पण बोट माझं होतं.

अठ्ठ्याऐंशीत पावसानं सगळी कसर भरून काढली. पंचमीच्या आधी तीन दिवस झड लागली होती. लिंबाजी चतुर्थीलाच निघणार होता. पाऊस थांबेना म्हणून चांगुणाबाईनं अडवलं. पंचमीच्या सकाळी उघाड पडली आणि आम्ही दोघं निघालो. खरडपट्ट्यांच्या जिवावर गाडी ओढ्यापर्यंत आली. उतारावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी बसली. लिंबाजीचा हात आपोआप छोट्या दांड्याकडं गेला. त्यानं तो ओढला. दांडा सैल, रिकामा मागं आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं बघितलं.

पलीकडच्या काठावर केशर उभी होती. नवा हिरवा चुडा, काखेत गठुडं. शेजारी नागनाथ आणि तिची सासू धुरपताबाई, सुनेला वाटेला लावायला आलेली. ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. लिंबाजीनं पुन्हा पुन्हा गाडी पुढंमागं रेटली. चाकांनी गुडघाभर चर पाडले.

नागनाथ म्हणाला, बैल आणतो. धुरपताबाईनं हात आडवा केला. पंचमीला आमच्याकडं जमिनीत नांगर घालत नाहीत, भुई उकरत नाहीत. नागाच्या अंगाला लागू नये म्हणून त्या दिवशी विळासुद्धा धरत नाहीत. बैलाच्या मानेवर जू कुठलं ठेवणार? नागनाथ म्हणाला, हे नांगरणं थोडंच हाय, गाडी ओढायची. लिंबाजी "नको" म्हणाला. म्हणजे ओठ हलले. मोठ्यानं म्हणाला असता तर नागनाथ थांबला असता, असं मला आजही वाटतं. मोठ्यानं तर मीही म्हणालो नाही. उभ्या जन्मात एकदा मी गप्प बसलो तो तेव्हा.

बैल पाण्यातून अलीकडं आणले, जीप मागं ओढून काढायला दोर तिच्या मागच्या बाजूला बांधला. नागनाथनं हाक दिली. जीप दोन हात सरकली, आणि उजवीकडचा हरण्या आमच्याच चाकानं पाडलेल्या चरात पाय जाऊन कोसळला. दुसरा बैल बुजून ओढत राहिला. जुवाखाली हरण्याची मान दुमडली, गळ्यातलं जोतं, म्हणजे जुवाचा पट्टा, आवळलं. लिंबाजी चिखलात लोळत जाऊन ते तोडायला लागला. तुटलं तेव्हा हरण्याचे डोळे थांबले होते.

धुरपताबाईनं आरडाओरडा केला नाही. ती पाण्यातून चालत आली, बैलाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पंचमी मोडली, बाबा."

हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. सणाच्या दिवशी घरातला जीव गेला की तो सण मोडतो. मग त्या घरानं तो करायचा नाही. पूजा नाही, गोड नाही, सुनेनं माहेरी जायचं नाही. त्याच तिथीला घरात कोणी जन्मलं, पोर नाहीतर वासरू, तरच सण पुन्हा जुळतो. केशरचं काखेतलं गठुडं तसंच होतं. ती पलीकडं उभी राहिली, मग वळली आणि घरी गेली. आमच्याकडं बघून तिनं हात हलवला नाही, रडलीही नाही. तिचा आदल्या दिवसापासूनचा भावासाठीचा उपवास मात्र अजून सुटायचा होता.

लिंबाजीनं आठ दिवसांत नागनाथला दुसरा बैल नेऊन दिला. मग जीपला भिडला. इंजिन जाड रबरांवर चार बोटं वर उचललं, नांदेडच्या भंगारातून शाफ्ट शोधून आणला, बसवला. चारी चाकं पुन्हा ओढायला लागली. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण मी वर्गात किती वेळा शिकवली असेल. आता ती आली की मी पान उलटतो.

नंतर त्यानं उमरवाडीला एक गाय नेऊन बांधली. इंजिनवाला माणूस, त्यानं हिशेब लावला. नऊ महिने नऊ दिवस. दिवाळीच्या सुमारास गाय फळली तर पंचमीला विते. गिरणीच्या भिंतीवर खडूनं तारखा मांडल्या. नव्वदला गाय दहा दिवस आधीच व्याली. एक्क्याण्णवला फळलीच नाही. ब्याण्णवला राखीपौर्णिमेनंतर व्याली. पंचमीची तिथी दर साली मागंपुढं सरकते, गाय आपल्या दिवसांनी चालते, आणि या दोहोंना जोडणारा दांडा काही कुठल्या जीपला नसतो. मी त्याला म्हटलं, बाबा, सोड आता. त्यानं भिंत पुसली आणि नवी तारीख लिहिली.

दर पंचमीला जीप तशीच चिखल तुडवत उमरवाडीला जाते. गेल्या साली मीही होतो. दारात गेलो तर गोठ्यात ओलं वासरू पाय झाडत होतं. लिंबाजी उडी मारूनच उतरला. कधी व्याली, म्हणून विचारलं. नागनाथ खाली बघत म्हणाला, काल दिवस मावळताना. म्हणजे चतुर्थीला. धुरपताबाई आता थकली आहे. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "म्या काय करू रं, लेकरा? म्या रातभर देवाला म्हणत होते, अजून थोडं थांब म्हणून."

केशर बाहेर आली. गठुडं नव्हतं. ती पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, शिवेपर्यंत चक्कर मार, तेवढ्याला काय हरकत न्हाई. आम्ही निघालो. मी मागं बसलो. ओढ्याशी आल्यावर तिनं छोट्या दांड्यावर हात ठेवला. "दादा, ह्यानंच चारी चाकं ओढतात व्हय?"

"व्हय."

"मग ओढ की."

त्यानं दांडा ओढला. गाडी उतारावरून खाली गेली, पाण्यात शिरली, ओढ्याच्या मधोमध आली. चिखल, पाणी, उतार, कशाचाच तिला अडसर नव्हता. समोर आमच्या गावची वाट दिसत होती. उमरवाडीची शीव तीच. लिंबाजीनं तिथंच गाडी थांबवली. दोघं बहीण-भाऊ त्या वाटेकडं बघत बसले. मग त्यानं गाडी वळवली.

दारात उतरताना ती म्हणाली, "पुढल्या साली पण ये." तो हो म्हणाला. त्याला नाही म्हणता येत नाही.