तारमास्तर मुनाफभाईंची पोच

कामरगावच्या पोस्टात मी पोस्टमन होतो आणि मुनाफभाई तारमास्तर. माणूस सोन्यासारखा, पण भलता चिकट. आधी कारंज्याला हाक द्यायची, तिकडून 'बोला' असा खटखटाट आला की मगच तार पाठवायची. तिकडच्यानं शब्द मोजून आकडा कळवायचा. तो जुळला तर पोच. कारंजेवाल्यानं पुढे अकोल्याशी तेच करायचं. पोच येईस्तोवर गिऱ्हाईक आपलं बाकावर. मी त्यांना 'पोचमास्तर' म्हणून चिडवायचो.

चौऱ्याहत्तर साली लिलाबाईच्या गोविंदाला नागपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. लिलाबाई मजुरी करायची. तिच्या घरातली ही पहिली पगाराची नोकरी. पण गोविंदा नेमका तापानं फणफणलेला. 'आठ दिवसांनी येतो' अशी तार संध्याकाळपर्यंत पोचली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मुनाफभाईंनी चौदा शब्द पाठवले. कारंज्याहून आकडा आला नऊ. त्यांनी पुन्हा पाठवायला घेतले, तर लाइनच मेली.

"गेली ना तार!" पोस्टमास्तर माणिकराव वैतागले. "त्या बाईले कायले बसवून राह्यले?"

"गेली साहेब. पोचली का, ते मले मालूम नाही."

लिलाबाईला "उठू नोको" असं बजावून ते दोनच्या एसटीनं कारंज्याला गेले. मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. कारंज्यात नऊच शब्द पडून होते आणि त्यांत गोविंदाचं नावच नव्हतं. मुनाफभाईंनी समोर बसून अख्खी तार पुढे पाठवायला लावली आणि नागपूरची पोच घेऊनच परतले. लिलाबाई बाकावरच होती.

"पोचली बाई. चौदाच्या चौदा."

तिनं पदरात तोंड लपवलं आणि रडून घेतलं.

पंधरा दिवसांनी गोविंदाचं कार्ड आलं. वाटायचं काम माझं, तरी मुनाफभाई सोबत आले. त्यांनीच वाचलं: सुखरूप आहे, कामाला लागलो. चहा झाला, तरी हे उठेनात.

"आता काय राह्यलं, भाई?" लिलाबाईनं विचारलं.

"पोच. चिठ्ठी भेटली, हे त्याले कसं समजन?"

"मले कुठी लिवता येते?"

त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं, पत्ता लिहिला आणि शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. लिलाबाईनं कार्डाच्या मधोमध अंगठा उठवला. दुसरं काही लिहिलं नाही.

पोस्टात येऊन मी त्या कार्डावर शिक्का मारला, अगदी कोपऱ्यात. तिच्या अंगठ्याला शिक्क्याच्या शाईचा थेंबही लागू दिला नाही.