डब्यातला करंडा

मंडप, खुर्च्या, सतरंज्या घासाघीस करून स्वस्तात आणायच्या असल्या की डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीला मी आठवायचो. कमिटीत घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र बँकेत साहेब असलेले आमचे चेअरमन भर सभेत म्हणाले, "शेठ, तुमचं काम चोख, पण जिभेचं काय करायचं?" सगळे हसले. मानपाड्याला प्लास्टिकच्या वस्तू काढायचं मशीन मी एकट्याच्या जिवावर उभं केलेलं. ते हसणं मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीच्या त्या कोजागिरीला मी जाणारच नव्हतो. बायकोला मात्र जायचं होतं. बिल्डिंगमधल्या बायका तिच्याशी जिन्यात बोलायच्या, घरी बोलवायच्या नाहीत. "माझ्यासाठी चला," ती म्हणाली. "आणि आज कुणाशी भांडू नका."

शीळफाट्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत, बंद पडलेल्या दगडखाणीची जुनी रेल्वेवाट होती. रूळ कधीच उचलून नेलेले, कुजके स्लीपर तेवढे खडीत राहिलेले, दोन्ही बाजूंना दाट झाडी. चिठ्ठ्यांवरच्या खुणा ओळखत त्या वाटेने जायचं आणि शेवटी लपवलेला पत्र्याचा डबा शोधायचा, असा खेळ ठरला होता. जोडपी थोड्या थोड्या वेळाने सोडायची. डबा सापडला की त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि मागून येणाऱ्यांसाठी डबा होता तिथे सारायचा.

आम्हाला तो ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्याखाली सापडला. मी अत्तराची भरलेली बाटली उचलली आणि खिशातला कंगवा आत टाकला. माझ्याच मशीनवरचा, रिजेक्ट.

"अहो, दात वाकलेत त्याचे."

"अंधारात कोण बघतंय? फायद्यात आहोत आपण. लाव झाकण."

बॅटरी घेऊन मी पुढे निघालो. ती जरा मागे राहिली.

नंतर दूध पिताना ज्याने त्याने आपल्याला मिळालेली वस्तू दाखवायची होती. आमच्या मागून आलेल्या चेअरमनच्या बायकोने हात वर केला. हातात चांदीचा कुंकवाचा करंडा. माझ्या सासूने लग्नात दिलेला. त्या रात्री हळदीकुंकू लावायला म्हणून बायकोने पर्समध्ये घेतलेला.

"एवढी भारी वस्तू कुणी ठेवली हो?"

"ह्यांनी," माझी बायको म्हणाली.

टाळ्या पडल्या. "शेठ, आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही," चेअरमन म्हणाले, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. "शुक्रवारी आमच्याकडे भजनाला यायचं हं."

मी फक्त गप्प बसायला हवं होतं. पण मला दिसत होती ती हातची गेलेली चांदी. "वहिनी, घोटाळा झालाय," मी म्हणालो. "मी कंगवा ठेवलेला. हिने मागे राहून बदलला. तो करंडा द्या परत. हवं तर ही अत्तराची बाटली घ्या." आवाज चढलेला होता.

त्या बाईंनी करंडा माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवला.

"मग नियमाने आमचा कंगवा येणं आहे, शेठ," चेअरमन म्हणाले, आणि सभेतलं तेच हसणं पुन्हा उसळलं.

मी उत्तर देणार, तोच बायको सतरंजीवरून उठली. पर्समधून तिने वाकड्या दातांचा तो कंगवा काढला आणि सगळ्यांसमोर चेअरमनच्या हातात दिला. माझी मान वर होईना. परतीच्या टेम्पोत ती बायकांच्यात बसली नाही, माझ्याशेजारीही नाही. मागच्या फळीला टेकून उभीच राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरून टाळ ऐकू यायला लागले. ती कणीक मळत होती.

"जा की," मी म्हणालो. "बोलावलंय ना तुला."

तिने वर पाहिलं नाही.

"ते करंडा ठेवणाऱ्याच्या बायकोला बोलावलं होतं."