तारांची टोपी आणि माझं तमाम

सौदीतल्या अल खर्जच्या डेअरीत कॉम्प्रेसर रूम सांभाळायला मला एकोणीस वर्षं झाली. दूध थंड ठेवणारी ती यंत्रं दिवसभर बोंबलत असतात आणि आम्ही त्यांच्यात बसून असतो. तेव्हा यंत्रांचं कौतुक मला कुणी सांगू नये.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी रियाधहून विद्यापीठाची माणसं आमच्या कॅम्पात आली. डोक्यावर तारांची टोपी घालायची, कानांत गाणी वाजवायची, आणि मेंदूत उठणारी वीज पाहून कॉम्प्युटरने ओळखायचं की माणूस भजन ऐकतोय का नाचाचं गाणं. आधी बरीच डोकी दाखवून त्याला शिकवलं होतं म्हणे. मी खोलीतल्या लोकांना म्हटलं, "एवढा उपद्व्याप कशाला? माणसाला विचारा की. सांगेल तो." सगळे हसले. बिर्याणी फुकट होती, म्हणून रांगेत सगळ्यांत पुढे मात्र मीच.

त्यांच्यातला एक संशोधक पुण्याचा निघाला, तिशीतला. सुट्टीची अंघोळ करून आम्ही सगळे डोक्याला खोबरेल चोपडून आलेलो, त्यामुळे टोपीची बटणं चिकटेनात. बिचारा स्पिरिटच्या कापसाने एकेकाचं टाळकं पुसत बसला. एवढं शिकून हेच करायचं होतं तर आईबापांनी फी कशाला भरली, असं माझ्या मनात आलं.

मग त्याने माझ्या कानांत इयरफोन घातले आणि समोर बसून विचारलं, "काका, आवाज नीट येतोय? वाढवू का?"

"तमाम," मी म्हटलं. इथल्या बोलीत तमाम म्हणजे सगळं ठीक.

गल्फात आमच्या अंगाला कुणी काही चिकटवलं की आमच्या लेखी ते मेडिकल. मेडिकलमध्ये दुखत असलं तरी दुखत नाही, दिसत नसलं तरी दिसतं. अनफिटचा शिक्का बसला की खलास, पुढचं विमान घरचं. त्यामुळे तमाम हा शब्द तोंडातून आपोआप पडतो.

आधी ढोल वाजला. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. यांचं यंत्र बिघडलं, असं म्हणत मी मनातल्या मनात हसलो आणि उगाच मान डोलावत राहिलो.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन खोलीवर आला. माझा ढोल यंत्राने बरोबर ओळखला होता. बासरीच्या आणि बाईच्या आवाजातल्या भजनाच्या जागी मात्र त्याने लिहिलं होतं, शांतता.

"बघा," मी म्हटलं, "मेंदू वाचायला निघालंय, आणि साधी बासरी कळत नाय."

"बाकी सगळ्यांची कळली, काका." तो माझ्या अगदी जवळ बसला. "बासरी वाजत होती. तुम्ही मान डोलावत होतात."

मी कानात करंगळी घालून हलवली.

"मी तुम्हाला आधी विचारलं होतं," तो म्हणाला. कंपनीला काही कळवणार नाही, पण कानाच्या डॉक्टरकडे जा, एवढं सांगून तो गेला. त्याच्यावर चिडायला मला काही सापडेना.

घाबरलो, सरळ सांगतो. तीन वर्षं बायको फोनवर म्हणतेय, ओरडून बोलू नका, आणि मी नेटवर्कला शिव्या घालतोय. मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी आहेत. बहिऱ्या माणसाला कॉम्प्रेसर रूममध्ये कोण ठेवेल? यंत्र बिघडायच्या आधी आवाज बदलतं, आणि तो ऐकण्यासाठीच तर मी तिथे असतो.

पुढच्या महिन्यात कंपनीचं मेडिकल झालं. नर्सच्या तोंडाला मास्क होता, तिने कागदातून मान वर न काढता काहीतरी विचारलं. प्रश्न दर वर्षी त्याच क्रमाने येतात, ते मला पाठ आहेत. हा कानाचा होता.

"तमाम," मी म्हटलं.

तिने शिक्का मारला. टोपी नाही, तारा नाहीत. माणसालाच विचारलं होतं.