दादाने मला बाहेर काढलं ती मॅच

आमचा दादा वर्कशॉपात वेल्डर आणि आमच्या फुटबॉल टीमचा कोच. परवा गेला. एका वर्षी फायनलला मी गोल मारला होता, तरी शेवटची दहा मिनिटं राहिली असताना त्याने मला बाहेर काढून बदली खेळाडू उतरवला. मी भडकलो, "सख्ख्या भावावर जळतोस होय रे दादा?"

"दोनदा मांडी चोळलीस. बस गपचूप."

बसलो, तर परत उठताच येईना, मांडीचा पार दगड झालेला. मला कळायच्या आधी त्याला लांबून कळलं कसं?

तरुणपणी त्याचा गुडघा असाच खेळता खेळता गेला, त्याला कोणी बाहेर काढलंच नाही. जन्मभर लंगडला. परवा त्याला खांद्यावर नेलं ते सगळे त्याचेच खेळाडू, आणि एकही लंगडत नव्हता.