अंदाजाने लिहिलेली उंची

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दुसरी-तिसरीचे वर्ग तिच्याकडे असत. प्रगतिपुस्तकात मुलांची उंची आणि वजन लिहायची वेळ आली की ती एकेकाला चप्पल काढून, टाच भिंतीला टेकवून उभं करायची, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि मगच आकडा लिहायची. तिच्याबरोबरचे काहीजण खुर्चीतून न उठता मागच्या आकड्यात तीन-तीन सेंटीमीटर मिळवत आणि मोकळे होत. ती घरी येऊन चिडायची. "लेकरू म्हणजे काय सोयाबीनचं पोतं हाय का, नजरेनं अंदाज लावायला?"

मी अहमदपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकातून मान वर न काढता मी "खरंय" म्हणायचो.

तिचं म्हणणं असं, की पाळण्यातल्या बाळाकडे सगळे बघतात आणि पोर वयात आली की पुन्हा सगळे बघायला लागतात. मधली चार-पाच वर्षं कुणाच्या नजरेत नसतात. तेव्हा लेकरू हळूहळू वाढतं, फारसं आजारी पडत नाही, स्वतःची स्वतः अंघोळ करतं. म्हणून लोक अंदाज लावतात. पण आत काय काय चाललेलं असतं! दुधाचे दात पडून लहानशा तोंडात मोठ्या माणसाचे दात उगवतात. आईपेक्षा बाकावरच्या मैत्रिणीचा शब्द मोठा होतो. खेळाचे नियम देवाच्या वरचे होतात. आणि शाबासकीची भूक लागते. "या वयाच्या लेकराला नुसतं शाबास म्हण, ते डोंगर उचलायला जाईल," ती म्हणायची. मला ते वाक्य आवडलं होतं. तेवढंच.

गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली. ताप आला, लातूरच्या दवाखान्यात नेलं, नवव्या दिवशी आणलं.

आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे तिच्या मागे जलदानाचा विधी झाला, त्या दिवसाची मला अजून किळस येते. वंदना झाली, जेवणं झाली. हात पुसायला टॉवेल ठेवला होता, तरी माणसं खिडकीच्या पडद्याला हात पुसत होती. तिनेच शिवलेला पडदा. एकजण दातात काडी घालत मला विचारत होता, पुढं काय ठरवलंय. आणि माझी मोठी बहीण, मुखेडहून आलेली, आमच्या मुलीला आतून घेऊन आली आणि तिच्या हातात चहाचा ट्रे दिला.

"आता तूच या घरची बाई. आता लहान न्हाई राहिलीस तू."

मुलगी नऊ वर्षांची. चौथीत. वरचा सुळा नुकताच पडलेला. ती ट्रे घेऊन प्रत्येकापुढे थांबली.

"बघा, रडत बी न्हाई," एक शेजारीण म्हणाली. "लई समजदार लेकरू."

"शाबास माय माझी!" बहीण म्हणाली.

ती रडत नव्हती कारण ट्रे हलला असता. मला ते दिसत होतं. मीही एक कप उचलला.

मग रोजच उचलला. बहिणीने जायच्या आधी तिला चहा, भात आणि पोळ्या शिकवल्या. ती बादली उपडी घालून त्यावर उभी राहायची. मी खुर्चीत वाचत बसायचो, म्हणजे पान उघडून बसायचो. तिने कप आणून ठेवला की म्हणायचो, "छान झालाय. शाबास." तिचा चेहरा उजळायचा. त्या उजळण्याची मला सवय झाली. शोकात माणूस हळवा होतो असं मी वाचलं होतं. मी आळशी झालो होतो, आणि त्या आळसावर दुःखाचं पांघरूण घातलं होतं. दिवाळी येऊन गेली. ती अंगणात खेळायला जात नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, मोठी झाली.

सुट्टीनंतर तिचं प्रगतिपुस्तक आलं. मी सही करायला पेन काढलं.

"पप्पा, आमची उंची मोजलीच न्हाई," ती म्हणाली. "मॅडमनी आधीच्यात तीन मिळवले. सगळ्यांच्यात तीन."

एकशे अठ्ठावीसचं एकशे एकतीस झालं होतं. खाली गोल, सुबक सही. मला इतका संताप आला, की किती महिन्यांनी काहीतरी वाटलं म्हणून मला जवळजवळ बरं वाटलं. मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला बसलो. चांगल्या भाषेत, तीनदा खोडून. लेकरांकडे ढुंकूनही न बघता त्यांची वाढ लिहिणाऱ्या माणसांबद्दल मी बरंच काही लिहिलं. मग वाटलं, खरा आकडा जोडला पाहिजे.

रविवारची दुपार होती. पत्नीच्या शाळेच्या पिशवीत टेप आणि पाटी तशीच होती. मुलीला दारातल्या उजेडात भिंतीला टाच लावून उभं केलं. पाटी टेकवण्याआधी केस दाबायला मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भांगातून एक ऊ चालत माझ्या बोटावर आली. मागे आणखी दोन. कानामागच्या केसांना लिखा अशा चिकटल्या होत्या, की जणू कुणी रवा उधळलाय. मानेवर ओरखडे, त्यांतले काही पिकलेले.

मी हात झटकन मागे घेतला. तोंडातून "शी!" निघून गेलं.

तिने ते पाहिलं. तिने फ्रॉकवरच्या स्वेटरची टोपी डोक्यावर ओढून घेतली.

"कधीपासून आहे हे?"

"दसऱ्यापासून."

"शाळेत कुणी काही म्हणालं नाही?"

"मॅडमनी मागं एकटीला बसवलं." मग तिने मैत्रिणीचं सांगितलं. पहिलीपासून जिच्या शेजारी बसायची, ती. "तिच्या मम्मीनं सांगितलंय, माझ्याजवळ बसायचं न्हाई. खेळायचं बी न्हाई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आत्या म्हणली, मोठ्या पोरींनी बारीकसारीक पप्पाला सांगायचं न्हाई. पप्पा दुःखात हाय."

टोपी धरलेल्या हाताची बाही वर गेली होती. कोपराखाली तव्याच्या काठाचे डाग, तपकिरी, आडवे. चार. मला त्यातला एकही माहीत नव्हता. टेबलावर अर्ज पडलेला होता, आणि त्यातली वाक्यं खरोखर चांगली होती.

मी मेडिकलमधून औषध आणि बारीक दातांची फणी आणली. अंगणात वर्तमानपत्र पसरून तिला पुढ्यात बसवलं. उवा कागदावर टपटप पडत होत्या. नखावर नख दाबलं की बारीक आवाज यायचा आणि नखाला रक्त लागायचं, तिचंच. हात मागे घ्यायचा नाही एवढंच मी ठरवलं होतं. ती आधी ताठ बसली होती. मग कागदावर वाकून बघायला लागली. "ती बघा, ती पळून राहिली! पप्पा, जाड्या उवेला आधी मारा!"

तेवढ्यात मुखेडहून बहिणीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"चहा झाला का रं? पोरगी काय करून राहिली?"

"तिच्या उवा काढतोय, आक्का."

"आगं माय! ते काय बापाचं काम हाय? मी येते परवाच्या गाडीनं. केसच कापून टाकू, झंझट न्हाई."

मुलीने दोन्ही हातांनी मोकळे केस धरले.

"केस कापायचे नाहीत," मी म्हणालो. "आणि चहा आजपासून मी करणार."

"तू? साखरेचा डबा तरी ठावं हाय का तुला?"

ठाऊक नव्हता. मुलीने बोटाने दाखवला, फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून तोंड दाबून हसत.

दर दोन दिवसांनी फणी फिरवत राहिलो. तिसऱ्या रविवारी फाटकाशी ती मैत्रीण आली. आत आली नाही. "मम्मीनं बघून यायला सांगितलंय," म्हणाली. माझी मुलगी उन्हात जाऊन उकिडवी बसली. त्या पोरीने डॉक्टरच्या गांभीर्याने तिचा भांग पाडला, कानामागे पाहिलं, एक केस ओढून डोळ्यांपाशी धरला. मी दारात कप घेऊन उभा होतो. सहीचं पेन त्या पोरीच्या हातात असल्यासारखं मला वाटत होतं.

"दोन लिखा हायत."

माझ्या मुलीने फ्रॉकचा घेर मुठीत धरला.

"पण मेलेल्या हायत."

"मग?"

"मेलेल्या चालतात," मैत्रीण म्हणाली. "चल लवकर, लंगडीला पोरी कमी हायत."

मी मुलीसाठी केलेला चहा तिच्यापुढे धरला. तिने उभ्याउभ्या एक घोट घेतला आणि सगळा चेहरा वाकडा केला. सुळ्याच्या जागी नवा दात अर्धा आला होता.

"शी, पप्पा! किती घाण झालाय!"

कप पायरीवर ठेवून ती पळाली. उरलेल्या चहात मुंग्या पडू लागल्या तेव्हा मी तो आत नेला आणि विसळला.